घराशेजारच्या गादीवाफ्यात हिवाळी भाज्या: पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी

महाराष्ट्राच्या पठारावर भाजीला मानवणारी थंडी जेमतेम तीन महिने टिकते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला रात्री गार पडू लागतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचं किमान तापमान ११-१२ अंशांच्या आसपास असतं, निफाडकडे थंडीच्या लाटेत ते पाचाच्याही खाली जातं. मग संक्रांत उलटून पंधरवडा झाला की दुपारी पुन्हा चटके बसायला लागतात. रोप लावल्यापासून कोबीला दोन-अडीच महिने हवेत, गाजराला पेरल्यापासून तीन. हिशेब सरळ आहे. फराळाचे डबे रिकामे झाल्यावर ‘आता बाग करू या’ म्हणत जो रोपांसाठी बी टाकतो, त्याचा कोबी फेब्रुवारीच्या उन्हात गड्डा धरायला बसतो आणि मग गड्डा पोकळ राहतो.

नवशिक्याची हिवाळी बाग फसते ती बहुतेक वेळा तारीख चुकल्यामुळे. माती आणि किडी यांचा नंबर त्यानंतरचा. म्हणून खाली गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा थोडा उंच भरलेला मातीचा वाफा, कसा भरायचा याइतकंच तो केव्हा भरायचा यालाही महत्त्व दिलं आहे. हे सगळं बंगल्याशेजारच्या, सोसायटीच्या कडेच्या किंवा गावातल्या परसातल्या जमिनीसाठी आहे. गच्चीसाठी नाही. इथे सांगितलेल्या एका वाफ्यात भिजल्यावर टनाच्या वर वजन होतं. ते स्लॅबवर चढवण्याआधी इंजिनिअरला विचारा, शेजाऱ्याला नको.

उंची किती?

इंटरनेटवर दिसणारे कमरेएवढे लाकडी वाफे थंड देशांतले आहेत. तिथे वसंतात माती गारठलेली आणि चिखलाळ असते. ती लवकर तापावी आणि निथळावी म्हणून उंची. आपल्याकडे परतीचा पाऊस गेला की थेट जूनपर्यंत कोरडा काळ. वाफा जितका उंच तितका तो चारी बाजूंनी वाळतो आणि तितकं पाणी जास्त लागतं. माझ्या मते नऊ इंच पुरेत. खाली काळी चिकण माती असेल तर फूटभर करा, कारण तिच्यात पाणी तुंबतं आणि मुळं गुदमरतात. कांद्याचं रोप टाकणारे किंवा हळद-आलं लावणारे शेतकरी गादीवाफा करतात तोही याच कारणासाठी, आणि तोही बेताच्याच उंचीचा असतो.

रुंदी साडेतीन फूट. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, कारण वाफ्यात एकदा माती भरली की तिच्यावर पाय द्यायचा नाही. पाय पडला की माती दबली, आणि गादीवाफ्याचा निम्मा फायदा गेला. भिंतीला लागून करत असाल तर दोन फुटांच्या वर जाऊ नका. लांबी जागेप्रमाणे, आपण दहा फूट धरू. दोन वाफ्यांमध्ये दीड फूट वाट ठेवा, घमेलं घेऊन बसता आलं पाहिजे.

कडेला विटा, सिपोरेक्सचे ठोकळे किंवा उभ्या गाडलेल्या शहाबादी फरशीचे तुकडे लावा. कोकणात आणि गोव्यात जांभ्याचे चिरे स्वस्त आणि उत्तम. लाकूड दिसायला छान असतं, पण आपल्याकडे त्याला वाळवी लागते. काहीच नसेल तर कडा उतरत्या करून नुसत्या मातीचा वाफाही चालतो; फक्त पाणी देताना कडा ढासळतात, त्या अधूनमधून सावरून घ्याव्या लागतात.

जागा निवडताना डिसेंबरचं ऊन बघा

ही चूक हमखास होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जिथे छान ऊन दिसतं तिथे वाफा घातला जातो आणि डिसेंबरात तो सावलीत जातो. पुण्याच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या आसपास भरदुपारी सूर्य डोक्यावर येत नाही. तो दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. पाच फुटी कंपाउंड भिंतीची उत्तरेकडे पडणारी भरदुपारची सावली ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोन फुटांची असते, ती तेव्हा साडेचार फुटांची होते. दुमजली घराची सावली किती पसरेल याचा अंदाज यावरून बांधा. घराच्या उत्तरेची जागा हिवाळी भाजीसाठी सोडूनच द्या. दक्षिण किंवा पूर्व बाजू बघा. कोबी, गाजर, वाटाण्याला सहा तास तरी थेट ऊन हवं. मेथी, पालक, कोथिंबीर चार-पाच तासांवर भागवतात.

वाफ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर वाटाण्यासारखं वर चढणारं पीक उत्तरेच्या कडेला घेता येतं आणि त्याची सावली वाफ्याबाहेर पडते.

पाव ब्रास माती

माती-मुरूम विकणारे ब्रासमध्ये बोलतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आपला वाफा १० फूट लांब, साडेतीन फूट रुंद आणि नऊ इंच उंच, म्हणजे सुमारे २६ घनफूट, साधारण पाव ब्रास. त्यातली सोळा घनफूट पोयट्याची किंवा लाल माती, आठ घनफूट कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि उरलेल्या दोन घनफुटांत भाताचं तूस किंवा भिजवून निथळलेलं कोकोपीट. निव्वळ कोकोपीट आणि गांडूळखताचं मिश्रण कुंडीसाठी ठीक, जमिनीवर तो पैशाचा अपव्यय आहे. माती विकत घेताना मूठभर भिजवून लाडू वळा. लाडू वळला आणि बोटाने दाबताच फुटला तर माती चांगली. दाबल्यावर नुसता चपटा झाला तर चिकण जास्त आहे. तिच्यात तूस वाढवा.

आता शेणखत. ‘कुजलेलं आहे’ असं विकणारा प्रत्येकजण सांगतो. पोत्यात मनगटापर्यंत हात घाला. आत ऊब लागली तर ते अजून कुजतंय. तयार शेणखत काळपट तपकिरी असतं, त्यात काडी-गवत ओळखू येत नाही, शेणाचा वास जाऊन पहिल्या पावसासारखा वास येतो आणि ते चोळलं की भुगा होतो. अर्धकच्चं खत घातलं तर वाळवी येते, गाजरं फाटे फुटून वेडीवाकडी होतात आणि कोवळी मुळं भाजतात. खत पसरून नीट बघाही. इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली, जाड, पांढुरकी, तपकिरी डोक्याची अळी दिसली तर ती हुमणी किंवा तिच्या जातीतली भुंगेऱ्याची अळी. वेचून काढा, नाहीतर पुढे रोपं अचानक सुकतील आणि उपटून बघितल्यावर त्यांना मूळच नसेल. या मिश्रणात अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळा. ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशींना मारणारी उपयुक्त बुरशी) मिळाली तर ५० ग्रॅम, घमेलंभर ओलसर शेणखतात कालवून आठवडाभर सावलीत झाकून ठेवा आणि मग वाफ्यात मिसळा. रोपं मरण्याचं प्रमाण त्याने कमी होतं.

भरण्याआधी खालची जमीन मोकळी करायची. बंगल्याभोवती बहुधा मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा असतो. पहारीने किंवा टिकावाने वीतभर तरी उकरा, विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे वेचा. हरळी आणि लव्हाळा असेल तर गाठी-मुळ्यांसकट काढा. यात कसर केली तर वरची पाव ब्रास उत्तम माती तुम्ही लव्हाळ्यासाठीच आणली असं समजा. नुसता पुठ्ठा अंथरून लव्हाळा थांबत नाही, तो पुठ्ठ्याला भोक पाडून वर येतो.

भरून झालं की वाफा भरपूर भिजवा आणि आठ-दहा दिवस सोडा. माती इंच-दीड इंच बसते, तेवढी पुन्हा भरा. या दिवसांत शेणखतातलं तणाचं बी उगवून येतं. ते दोन पानांवर असतानाच खुरप्याने वरवर खरवडून टाका. खोल उकरू नका, नाहीतर खालचं बी वर येईल. हे एकदा केलं की पुढची खुरपणी निम्म्यावर येते, म्हणून हे आठ-दहा दिवस तारखांत आधीच धरून ठेवा.

तारखा

सणावर विसंबू नका. दसरा २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला होता, २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला. भाजीला तीन आठवड्यांचा हा फरक मोठा आहे. पठारासाठी ढोबळ वेळापत्रक असं:

- सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा: कोबी, फ्लॉवर, नवलकोल यांचं बी ट्रेमध्ये. त्याच काळात वाफ्याची खोदाई.
- ऑक्टोबरचा पहिला आठवडा: वाफा भरणं, भिजवणं, तण उगवू देणं.
- १५ ऑक्टोबरनंतर: मुळा, पालक आणि मेथीची पहिली पेरणी. रोपं २५-३० दिवसांची झाली की पुनर्लागवड.
- ऑक्टोबर अखेर ते १५ नोव्हेंबर: वाटाणा, लसूण, गाजर, बीट, कोथिंबीर. हा सगळ्यात मोलाचा पंधरवडा.
- डिसेंबर-जानेवारी: मेथी, कोथिंबीर, मुळा यांच्या दर पंधरा दिवसांनी थोड्या-थोड्या पेरण्या.

१५ डिसेंबरनंतर कोबी-फ्लॉवरची रोपं नर्सरीत कितीही टवटवीत दिसली तरी घेऊ नका. कोकणात आणि गोव्यात थंडी सौम्य आणि उशिरा येते, म्हणून हे सगळं पंधरा-वीस दिवस पुढे सरकवा आणि फ्लॉवर-वाटाण्याच्या नादी फार लागू नका. तिथे भातकापणीनंतर लाल माठ, मुळा, नवलकोल, वाल यांची चंगळ असते. अलिबागचा पांढरा कांदाही भात निघाल्यावरच लागतो.

मधली अडचण ऑक्टोबर हीटची. पाऊस गेलेला, थंडी आलेली नाही, दुपारी ३३-३४ अंश. या काळात पेरलेल्या पालकावर आणि नव्या रोपांवर दहा-बारा दिवस दुपारपुरती हिरवी शेडनेट किंवा जुनी सुती साडी ताणा. नोव्हेंबर लागला की काढून टाका, विसरू नका. सावलीत वाढलेली पालेभाजी लुसलुशीत दिसते खरी, पण लगेच आडवी होते.

पहिल्या वाफ्यात काय लावायचं

मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, लसूण, नवलकोल आणि वाटाणा. एवढ्यावर थांबा. फ्लॉवर आणि ब्रोकोली पुढच्या वर्षी. फ्लॉवर फार नाठाळ आहे: लवकरच्या, मधल्या आणि उशिराच्या जाती वेगवेगळ्या, आणि जात एका हंगामाची व लागवड दुसऱ्या हंगामात असं झालं की बटणाएवढा गड्डा धरून झाड संपतं. नवलकोल त्याच्याच कुळातला, पण इतका बिनतक्रार की कोबीवर्गाचा सराव त्याच्यावरच करावा. ‘व्हाइट व्हिएन्ना’ ही जुनी जात कुठेही मिळते आणि लागवडीनंतर ५०-६० दिवसांत हाताशी येते.

दहा फुटी वाफ्याची मांडणी मी अशी करेन. उत्तरेच्या कडेला पूर्ण लांबी वाटाण्याची एक ओळ, मागे कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्या आणि सुतळी. दक्षिणेच्या कडेला लसणाची ओळ, चार-चार इंचांवर तीसेक पाकळ्या. मधल्या पट्ट्याचे अडीच-अडीच फुटांचे चार भाग: पहिल्यात वीतभर अंतरावर तीन बाय तीन अशी नऊ नवलकोलची रोपं, दुसऱ्यात मुळा, तिसऱ्यात पालक, चौथ्यात मेथी. मेथी महिन्याभरात निघते, मग तिथे कोथिंबीर, तिच्यानंतर पुन्हा मेथी. गाजर-बीट हवंच असेल तर मुळ्याचा भाग अर्धा करा.

जातींची नावं पाकिटावर वाचा. मुळ्यात ‘पुसा चेतकी’ उष्णता सोसते, म्हणून ऑक्टोबरच्या पेरणीला ती; ऐन थंडीसाठी ‘पुसा हिमानी’ किंवा ‘जपानीज व्हाइट’. पालकात ‘ऑल ग्रीन’, वाटाण्यात बुटका आणि लवकर येणारा ‘अर्केल’, गाजरात लाल हवं तर ‘पुसा केसर’, नारिंगी हवं तर ‘नँटिस’. मेथी आणि धने मात्र घरच्या डब्यातले चालतात, फार जुने नसले म्हणजे झालं. खात्री नसेल तर वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. मेथी तीन-चार दिवसांत बोलते. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळसर रंगाचं असेल तर ते बुरशीनाशक चोळलेलं आहे. हात धुवा आणि ते डब्यात मिसळू देऊ नका.

पेरणी

वाफसा असताना पेरा: माती ओलसर, पण हाताला चिकटत नाही, अशी. काडीने उथळ रेघ ओढून ओळीत पेरणं नवशिक्याला सोयीचं. फेकून पेरलेल्या वाफ्यात तण कोणतं आणि गाजर कोणतं हे सुरुवातीला कळत नाही. पालेभाज्यांच्या ओळी सहा इंचांवर, मुळ्याच्या आठ-नऊ इंचांवर. बी साधारण आपल्या जाडीच्या दोन-तीन पट खोल जावं, म्हणजे मेथी-पालक अर्धा इंच, वाटाणा दीड इंच, गाजर जेमतेम झाकलं जाईल इतकंच.

धने अख्खे पेरले तर निम्मे उगवत नाहीत अशी तक्रार असते. धन्याचा एक गोल म्हणजे दोन बिया. पोळपाटावर लाटण्याने हलकेच रगडून त्यांचे दोन भाग करा, चुरा होऊ देऊ नका. रात्रभर भिजवा आणि सकाळी निथळून पेरा. तरी उगवायला आठ-दहा दिवस लागतात. लसणाच्या गड्ड्यातल्या बाहेरच्या जाड पाकळ्याच लावायच्या, टोक वर आणि बूड खाली. आतल्या बारीक पाकळ्या फोडणीला.

खरी कसोटी गाजराची. बी बारीक, वर साल खरखरीत, उगवायला दहा ते पंधरा दिवस, आणि तेवढे दिवस वरचा अर्धा इंच एकदाही वाळता कामा नये. चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळून रेघेत सोडा, वर चाळलेलं शेणखत भुरभुरवा, झारीने भिजवा आणि ओलं गोणपाट अंथरा. पाणी गोणपाटावरच द्यायचं. पाचव्या दिवसापासून रोज संध्याकाळी एक कोपरा उचलून बघा. गवताच्या पात्यासारखी बारीक जोडपानं दिसली की त्याच संध्याकाळी गोणपाट काढायचं. एक दिवस उशीर केला तर कोंब त्याच्या विणीत शिरतात आणि काढताना उपटून येतात. सकाळी काढलं तर दुपारच्या उन्हात माना टाकतात.

कोबीवर्गाची रोपं ट्रेमध्ये करा, एका खणात एक-दोन बिया. पाणी सकाळी आणि बेताचं. रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडायला लागलं तर ती रोपांची मर, म्हणजे पाणी जास्त आणि हवा कमी. रोप चार-पाच पानांचं झालं की संध्याकाळी लावा, मातीचा गोळा न मोडता. नर्सरीतून तयार रोप घेणार असाल तर जून, लांबोडं, खालची पानं पिवळी पडलेलं घेऊ नका.

विरळणी, पाणी, खत

विरळणीला हात धजत नाही, हे मी बऱ्याच जणांचं बघितलंय. इतकं छान उगवलंय, उपटायचं कसं? पण दोन मुळ्यांमध्ये तीन इंच, दोन गाजरांमध्ये दोन इंच, दोन बिटांमध्ये चार इंच अंतर नसेल तर नुसता पाला मिळतो. बीटचं एक बी म्हणजे अनेक बियांचा गुच्छ, एकेका जागी तीन-चार रोपं येतातच. उपटण्याऐवजी कात्रीने जमिनीलगत कापा, शेजारच्याचं मूळ हलत नाही. मुळ्याची उपटलेली कोवळी पानं कांदा-मिरचीबरोबर कोशिंबिरीत किंवा पिठलं लावताना घाला.

पाण्यासाठी घड्याळ नाही, बोट. दोन इंच आत बोट घालून ओल लागली तर आज पाणी नाही. ऑक्टोबरात उगवेपर्यंत रोज थोडं, नंतर दोन-तीन दिवसांनी. डिसेंबरात आपल्या वाफ्याला दर तीन दिवसांनी दोन मोठ्या बादल्या, ३०-४० लिटर, पुरतात. विटांच्या कडेची माती आधी वाळते, तिथे लसूण आणि वाटाणा आहेत हे लक्षात ठेवून झारी आधी कडेने फिरवा. पाणी सकाळी द्या, रात्रभर पानं ओली राहिली की रोगांना निमंत्रण. रोपं चार इंचांची झाली की मधल्या जागेत उसाचं पाचट, भाताचा पेंढा किंवा वाळका पाला पसरा, इंच-दीड इंच. गोगलगायी फिरत असतील तर आच्छादन नोव्हेंबर उजाडेपर्यंत थांबवा, आणि संध्याकाळी ओलं गोणपाट टाकून सकाळी त्याखालच्या गोळा करा.

सुरुवातीला शेणखत भरपूर घातलं आहे, त्यामुळे पालेभाज्यांना वेगळं खत लागत नाही. नवलकोलला लागवडीनंतर तीन आठवड्यांनी दोन मुठी गांडूळखत बुंध्याभोवती घालून भर द्या. पालकाला प्रत्येक कापणीनंतर पातळसा थर द्या. शेणकाला, जिवामृत वगैरेंचं कौतुक बरंच आहे. फळभाजीला घाला, पण कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर, मुळा, गाजर यांच्यावर ताज्या शेणाचं पाणी ओतू नये असं माझं ठाम मत आहे. त्यातले जंतू पानांवर येतात आणि वरवर धुवून जात नाहीत.

किडी

कोबीवर्गाचा शत्रू चौकोनी ठिपक्यांचा पतंग. त्याची बारीक हिरवी अळी पान खरवडून पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवते, आणि बोट लावलं की वळवळत धाग्याला लटकून खाली येते. शेतकरी कोबीच्या ओळींमध्ये मोहरीच्या ओळी लावतात, पतंग आधी मोहरीवर जातो. नऊ रोपांसाठी एवढा खटाटोप नको. वाकवलेल्या बांबूच्या कामट्यांवर जुनी मच्छरदाणी घाला, लागवडीच्याच दिवशी, कडा मातीत पुरून. नवलकोल-कोबीला परागीकरणाची गरज नसते, त्यामुळे जाळी काढणीपर्यंत राहिली तरी चालते. फवारणीचा प्रश्नच मिटतो.

मावा ढगाळ हवेत येतो. डिसेंबरात अवकाळीचं मळभ आलं की पानं उलटी करून बघा. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून निघतो. वाढला तर पाच टक्के निंबोळी अर्क: एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळ्यांच्या बियांतल्या गराची भरड रात्रभर भिजवून, सकाळी गाळून, थोडा साबण घालून, संध्याकाळी फवारायचा. पालकावर आणि वाटाण्यावर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या तर ती नागअळी, ती पानं तोडून टाका. जानेवारी अखेरीस वाटाण्यावर पिठासारखी भुरी येते; तोपर्यंत बहुतेक शेंगा मिळालेल्या असतात, वेल उचला आणि मोकळे व्हा.

काढणी

पालक पेरणीनंतर महिन्याभरात, जमिनीपासून इंचभर ठेवून विळीने किंवा कात्रीने कापा. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तयार. मेथी २५-३० दिवसांत, फुलं यायच्या आत. मुळा ४०-५० दिवसांत उपटा, जास्त ठेवला तर आतून पोकळ होतो. पण दोन मुळे मुद्दाम सोडा. फेब्रुवारीत ते फुलतात आणि कोवळ्या डिंगऱ्या लागतात. बाजारात त्या क्वचितच मिळतात, आणि त्यांची परतलेली भाजी मुळ्यापेक्षा सरस होते. नवलकोल लहान चेंडूएवढा झाला की काढा, आणखी मोठा होईल या आशेने ठेवला तर आत दोरे धरतो. वाटाण्याच्या शेंगा भरल्या की दर दोन-तीन दिवसांनी तोडा, नाहीतर नवीन शेंगा धरणं थांबतं. लसणाची पात पिवळी पडून माना टाकू लागली, साधारण मार्चमध्ये, की पाणी तोडा. दहा-पंधरा दिवसांनी उपटून पातीसकट सावलीत वाळवा.

वाटाण्याचा वेल उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळांवरच्या गाठींत नत्र असतं, ते वाफ्यातच राहू द्या. मोकळ्या जागेत फेब्रुवारी अखेरीस गवार, चवळी किंवा भेंडी लावता येते. लावायचं नसेल तर एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चार-सहा आठवडे ताणून ठेवा, तणाचं बी आणि बुरशी उन्हाने मरते. पुढच्या सप्टेंबरात माती दोन-तीन इंच बसलेली दिसेल, तेवढं शेणखत घाला. मांडणी मात्र बदला: यंदा नवलकोल आणि मुळा जिथे होते तिथे पालक-मेथी, आणि पालक-मेथीच्या जागी नवलकोल-मुळा.